कडीतली फट

शहादा
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय मुनव्वर,

सलाम. हाताचा व्यायाम रोज चालू असेल. इकडे थंडी ओसरली. लोणखेड्याच्या मळ्यात केळीची कापणी चालू आहे. तुला घड पाठवायचा, पाठवायचा म्हणता म्हणता राहून गेला.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू बोलायला लागलास की मी नुसता ऐकत बसतो. तीनदा तसंच झालं.

परवा आमिनाभाभी माझ्या स्कॅन सेंटरवर गाजरहलवा घेऊन आल्या. सगळ्या स्टाफसमोर म्हणाल्या, "भाईजान, तुमी टाइमवर पकडलं नसतं तं आज माणूस हाती लागला नसता." मी डबा घेतला. घरी नेला नाही.

ऑगस्टमधला तो गुरुवार तुला आठवत असेल. तू हसत हसतच आत आलास. "हेमक्या, कैची धरस ते सुटी जास." शाळेपासूनचा माझा दोस्त, शहाद्यातला सगळ्यात सफाईदार शिंपी, आणि हातातून कैची सुटते. मी लगेच एमआरआय केला. डाव्या मेंदूत लिंबाएवढा पांढरा डाग दिसला. औषध टोचल्यावर त्याच्या कडेने कडी उजळली. मी अहवालात गाठ लिहिली, बहुधा कर्करोगाची. भाभींनी विचारलं, "पक्कं?" मी म्हणालो, "शंकाच नाही." सुरतच्या सर्जननी त्या अहवालावर ऑपरेशनला मंगळवारची तारीख दिली.

इथपर्यंतचं तुला माहीत आहे.

रविवारी मी तुझ्या फिल्म पुन्हा लावल्या. उगाच, चैन पडेना म्हणून. कडी पूर्ण नव्हती, मुनव्वर. मेंदूच्या बाहेरच्या थराकडे तिला फट होती. एवढ्या मोठ्या डागाभोवती जेवढी सूज असायला हवी तेवढी नव्हती, मेंदू बाजूला ढकललाही गेला नव्हता. आणि उजवीकडे खोलवर आणखी एक बारीक ठिपका होता, तो मी गुरुवारी पाहिलाच नव्हता. मेंदूतल्या तंतूंवर आवरण असतं, वायरीवर असतं तसं. ते सुजून झडलं की चित्र असं दिसतं. तिथे कापायची घाई करायची नसते. इंजेक्शनं द्यायची, थांबायचं, पुन्हा फोटो काढायचा.

फोन हातात घेतला होता. तेवढ्यात सुरतहून तुझ्या पोराचा, अझरुद्दीनचाच आला. "दाखल करी दिधं, डॉक्टरसाहेब. सगळं बरोबर शे ना?"

मी म्हणालो, "बरोबर शे."

का म्हणालो, ते मी सहा महिने स्वतःला विचारतोय. सर्जन मोठे आहेत, ते बघतीलच, असं वाटलं. 'शंकाच नाही' हे शब्द गिळायची लाज वाटली. यापेक्षा मोठं कारण सापडत नाही.

काढलेल्या तुकड्याचा अहवाल आला, तेव्हा तुम्हाला सांगितलं गेलं की कर्करोग निघाला नाही. मोहल्ल्यात पेढे वाटलेत. तुम्हाला वाटलं, साधी गाठ होती, निघून गेली. गाठ नव्हतीच. तुझा उजवा हात आजाराने गेला नाही, कापण्यात गेला. इंजेक्शनांनी तो किती सुधारला असता हे मी छातीठोक सांगू शकत नाही. पण ती संधी तुला मिळाली नाही, आणि ती मी घालवली.

हे मी कदाचित कधीच लिहिलं नसतं. पण काल अझरुद्दीन बोलता बोलता म्हणाला, की आठवड्यापासून तुला डाव्या डोळ्याने धूसर दिसतं, डोळा फिरवला की दुखतो, आणि तू चष्म्याचा नंबर बदलायला जाणार आहेस. चष्मा नको. हा तोच आजार परत आलाय, असं मला वाटतं. पत्र घेऊन येणारा गुलाबसिंग गाडीसकट थांबेल. आजच धुळ्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे जा, मी त्यांच्याशी बोललोय. सोबत ऑपरेशनच्या आधीच्या आणि नंतरच्या फिल्म आणि माझा अहवाल आहे. रविवारी काय दिसलं तेही वेगळ्या कागदावर सहीनिशी लिहिलंय. तो कागद वकिलाला दाखवायचा असेल तर दाखव. मी नाकारणार नाही.

वाचायला जड जात असेल तर अझरुद्दीनकडून वाचून घे. आमिनाभाभींना मी स्वतः येऊन सांगतो, असं आधी लिहिलं होतं. ते खोडलंय, तुला दिसेलच. त्यांच्यासमोर उभं राहायची हिंमत माझ्यात नाही.

डोळा वाचव.

हेमकांत