काचेमागचा कूड

रविवार, संध्याकाळ. जर्मनी.

डोकं अजून तापलेलंच आहे. बोईसरच्या कंपनीने मशीन शिकायला पाठवलंय, आज सुट्टी म्हणून इथलं जुनं गाव बघायला गेले. लाकडी चौकटींची वाकडीतिकडी घरं, त्यांच्यापुढे फोटो काढायला ही गर्दी. एका घरात भिंतीचा तुकडा उघडा ठेवून वर काच बसवलीये. आत काय? विणलेल्या काठ्या आणि माती. अरे, हा तर आमच्या घरचा कूड! फक्त काठ्या आमच्यासारख्या कारवीच्या नाहीत. मातीत कुणाची तरी बोटं उमटलेली, आई लिंपते तेव्हा उमटतात तशीच.

तेवढ्यात दादाचा फोन. "तुला बघायला पावणे येनार हायत. कूड पाडतो, इटा लावतो."

"हात लावू नकोस!" मी तिथेच ओरडले. सगळे बघायला लागले. बघेनात का.

"मंग पावण्यांना काय सांगू?"

उत्तर आता सुचतंय. काही सांगू नकोस, दादा. मी आले की तीच भिंत लिंपणार, माझी बोटं उमटतील अशी. पाहुण्यांना तिलाच टेकून बसव. ज्याला टेकायला लाज वाटेल, त्याने चहा प्यावा आणि निघावं. मुलीला मुलगा पसंत नाही.