तुझं मरण मी नगरला सांगितलं

प्रिय हिरा,

तुझ्या नावाआधी 'सौ.' लिहायचं की 'कै.', यापायी सकाळपासून दोन कागद फाडले. शेवटी नुसतं हिरा लिहिलं. सातवीत शाळा सुटलेल्या माणसानं एवढंच लिहावं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "कागुद काय फुकाट येतो का?"

काल मी नगरला आरोग्य खात्याच्या मोठ्या साहेबांपुढं तुझ्या मरणाबद्दल बोललो. चारचौघांत, मोठ्यानं. तुला विचारता आलं नाही. घरातली गोष्ट बाहेर गेलेली तुला कधी खपली नाही, मग ही तर तुझी शेवटची गोष्ट! कालपासून जिवाला घोर लागलाय. म्हणून तुलाच सगळं लिहून कळवतो. आधी ऐक, मग काय रागवायचं ते रागव.

दवाखान्याच्या दारावर कागद चिकटवला तेव्हा तू होतीस. खर्च कमी करायचाय, म्हणून आपलं उपकेंद्र बंद होणार, सिस्टर पुढच्या मोठ्या गावात बसणार, असं त्यात होतं. ते वाचून मी घरी आलो आणि आपल्या बीपीच्या गोळ्या किती उरल्यात ते बघत बसलो. तू पदर खोचलास आणि शेजारच्या मुमताजभाभीला घेऊन घरोघर हिंडायला लागलीस. मी किती अडवलं तुला! "अगं, सरकारशी वैर कशाला? उद्या आपल्या पिठाच्या गिरणीची लाईट तोडली तर?"

तू काय म्हणालीस? "गिरनी बंद पडली तर लोक दळन डोक्यावर घिऊन दुसऱ्या गावाला जातील. आडलेली बाई डोक्यावर न्यायची का?"

आणि मग तूच गेलीस. हे काही बरं केलं नाहीस, हिरा. काम अर्धवट टाकायची तुझी रीत नव्हती.

तुझ्या दहाव्याला नदीवर काय झालं ते तुला ठाऊकच असेल. कावळा शिवेना. आपला सुनील म्हणाला, "आई, मी दादांना पुण्याला नेतो." कावळा बाभळीवरून हलला नाही. (बरं झालं! पुण्यात मला करमलं असतं का?) सुनेनं सांगितलं, गाय विकणार नाही. तरी नाही. ऊन चढलं, लोक घड्याळं बघायला लागले, श्रद्धांजलीची भाषणं करायला आलेले पुढारी घाम पुसायला लागले. आता दर्भाचा कावळा करायची पाळी येते की काय, असं झालं. तेवढ्यात मागून मुमताजभाभी म्हणाली, "भाऊ, तिचा जीव दवाखान्यात आडकलाय. बोला की!"

मी घाईघाईनं हात जोडले. "दवाखाना बंद व्हऊ देनार न्हाई!"

आणि तो मेला कावळा खाली उतरला! सगळं गाव साक्षीला. आता मागं कसं फिरायचं? दुसरं काही मागता आलं नसतं का तुला? बुंदी, जिलेबी, काहीही!

मला भाषण करता येत नाही. म्हणून गिरणीतच सुरुवात केली. बाई डबा घेऊन आली की पीठ पडेपर्यंत तिला सांगायचं, नगरला चला, सिस्टर जाऊ द्यायची नाही. गिरणीच्या आवाजात ओरडावंच लागतं. एकदा असाच ओरडत होतो आणि लाईट गेली. गिरणी थांबली, मी थांबलो नाही. "सायेबाच्या दारात बसायचं म्हंजी बसायचं!" हे पार देवळाच्या पारावर ऐकू गेलं. तिथून बबनराव उठून आला. तोच, प्रत्येक दहाव्याला माईक धरणारा, ज्याला तू 'भाषणाचं मशीन' म्हणायचीस. म्हणाला, "नाना, तुमचा आवाज लई भारी हाय. नगरला तुमीच बोला."

माझी जेवणावरची वासनाच गेली, हिरा. रोज भाभीला विचारायचो, पाय घसरला तर? शब्द आठवला नाही तर? ती म्हणायची, "मंग नुस्तं उभं ऱ्हावा, भाऊ. तुमचं तोंड बघूनच सायेब घाबरतोय."

टेम्पो बबनरावनंच ठरवला. निघायच्या आधी मला गिरणीच्या मागं घेऊन गेला. "नाना, तितं एकच सांगायचं. दवाखान्याला कुलूप व्हतं, म्हनून आमची मंडळी गेली. पेपरवाले येनार हायत. सायेब जाग्यावर गार."

"पन कुलूप कुटं व्हतं?"

"आज न्हाई, उद्या लागनारच हाय की! चांगल्या कामाला जरा वाकडं बोलावं लागतं, नाना."

नगरच्या अलीकडचं केडगाव येईपर्यंत ते वाक्य मी मनात घोकत होतो. बबनराव मूर्ख नाही. खरं सांगितलं तर साहेब म्हणतील, मग तक्रार कसली? कुलूप सांगितलं तर दवाखाना वाचेल, पण त्या कुलपाचा ठपका सिस्टरवर. जिनं तुझ्यासाठी जिवाचं रान केलं, तिच्यावर! एकीकडं तुझा दवाखाना, एकीकडं तुझं मरण. तू असतीस तर पटकन सांगितलं असतंस. मला काही उमजेना. समोर बसलेल्या मुमताजभाभीला विचारलं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "मी व्हते तितं, भाऊ. तुमी बी व्हता."

बास, एवढंच. बोल म्हणाली नाही, बोलू नको म्हणाली नाही. तुझीच मैत्रीण ती!

ऑफिसच्या दारात आम्ही सतरंजी टाकून बसलो. दुपारी साहेब बाहेर आले. माणूस वाईट नव्हता, दमलेला दिसत होता. म्हणाले, "आजोबा, वरून पैसे कमी झालेत. तुमच्याकडे पेशंट कमी येतात. कुठंतरी कात्री लावावीच लागते." बबनरावनं मला मागून ढोसलं. एका पेपरवाल्यानं तोंडासमोर मोबाईल धरला. भाभीकडं बघितलं, तर ती खाली बघत होती.

मी म्हणालो, "सायेब, माझी मालकीन गेली त्या दिवशी दवाखाना उघडा व्हता."

बबनरावनं कपाळावर हात मारून घेतला.

एकदा तोंड उघडल्यावर मला थांबता येईना. सांगितलं, की सकाळी तुझ्या छातीत कळ आली. दवाखाना चार घरं टाकून, म्हणून मी आणि भाभीनं तुला धरून नेलं. सिस्टरनं तुला खाटेवर निजवलं, गोळी दिली, गाडी बोलावली. गाडी यायच्या आत तू गेलीस. सिस्टरनं तुझा हात सोडला नव्हता. मला तुला पाणी पाजायला वेळ मिळाला. तू विचारलंस, "कुनाचं दळन आडलंय का?" मी म्हणालो, "न्हाई."

"दवाखान्यानं ती वाचली न्हाई, सायेब," मी म्हणालो. "पन रस्त्यात, जीपमदी धूळ खात बी गेली न्हाई. वळखीच्या बाईच्या हातात गेली. आता माझा नंबर हाय. मागं बसल्यात त्यांचा बी कवा तरी येनार. आमी कुनाच्या हातात जायचं, तेवढं सांगा."

हे सगळं ओरडूनच बोललो. हळू बोलायची सवय कुठं राहिलीय मला? साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आत जाऊन कुणाशी तरी फोनवर बोलले. बाहेर येऊन म्हणाले, "तूर्त थांबवतो. सिस्टर तिथंच राहतील. पुढचं माझ्या हातात नाही, खोटं सांगत नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी लगेच विचारलं, "तूर्त म्हंजी किती?" तर बबनरावनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

टेम्पोत बबनराव माझ्या शेजारी येऊन बसला. मग म्हणाला, "नाना, तुमी तर माझी पार वाट लावली व्हती!" मग तोंड फिरवून म्हणाला, "माझी आई जीपमदीच गेली." मला हे माहीत नव्हतं. तुला होतं का गं? की म्हणूनच तू त्याला हसायचीस, पण चहा पाजल्याशिवाय कधी जाऊ द्यायची नाहीस?

मुमताजभाभीनं पिशवीतून शेंगदाणे काढून दिले. म्हणाली, "पुढच्या टायमाला आवाज जरा बेतानं. शिपायाच्या हातातला च्या सांडला."

घरी आलो तर सुनीलचा फोन. त्या पेपरवाल्याचा व्हिडिओ पुण्याला त्याच्या मोबाईलवर माझ्या आधी पोचला होता! तो रडत होता. "दादा, आईनं शेवटी दळणाचं विचारलं, हे तुम्ही मला सांगितलंच नाही." काय सांगणार त्याला? तू गेल्यापासून ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. रोज गिरणी चालू करताना मनात एकदा ऐकायचो, बास. आता ते सगळ्यांचं झालं. सकाळी एक पोरगी डबा घेऊन आली आणि म्हणाली, "नाना, माझं दळन आडलं न्हाई बरं का!" तिनं मायेनं म्हटलं. मला मात्र आत काहीतरी सांडल्यासारखं वाटलं.

चुकलं का माझं, हिरा? दुसरं देण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं गं.

हे साहेब बदलले तर? पुन्हा कागद चिकटला तर? डोक्यात हे चालूच आहे. पण तुला शब्द देतो. पुन्हा कात्री आली तर मी पुन्हा नगरला जाईन, टेम्पो नसला तर एस.टी.नं. तिथं जाऊन जे घडलं तेच सांगेन, आणि कुणालाही वाकडं सांगू देणार नाही.

आणि दळणाचं विचारून झाल्यावर तू मला जवळ बोलावून हळूच जे म्हणालीस, ते मी साहेबाला सांगितलं नाही. सुनीललाही नाही. या कागदावरही लिहीत नाही. दवाखान्यासाठी माझं काय लागेल ते देईन, हिरा. ते मात्र कुणी मागितलं तरी देणार नाही.

तुझाच,
रंगनाथ