ध्वनिचाचणीच्या वेळी गायिकेशी गप्पा मारण्याची पद्धत बंद करणेबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
छोटे सभागृह, कला केंद्र.

विषय : येत्या रविवारच्या गायनापुरते नव्या साउंडवाल्यास बाजूला करून अर्जदारास पुन्हा मिक्सरवर बसविणेबाबत.

संदर्भ : याच विषयावर जिन्यात केलेली माझी तोंडी तक्रार व त्यावर आपले हसणे.

महोदय,

सविनय सादर करतो की, मी या सभागृहाचा जुना साउंडवाला असून नवे मिक्सर आल्यापासून माझी नेमणूक पंखे व दिवे यांवर झाली आहे. त्याबद्दल तक्रार नाही. पंखे फिरतात, दिवे लागतात. तक्रार माझ्या जागी आलेल्या माणसाबद्दल आहे. रविवारी ज्यांचे गायन आहे त्या माझ्या पत्नी आहेत, हे आपणास ठाऊक आहेच. तरी या अर्जात त्यांचा उल्लेख 'सदर गायिका' असाच राहील, कारण कार्यालयीन कामात घरचे आणणे मला पसंत नाही.

१. सदर गायिकेच्या माइकची उंची मी स्टँडवर चिकटपट्टी लावून कायमची ठरवून दिली होती. नव्या गृहस्थाने ती पट्टी उपटून कचऱ्यात टाकली. आता तो दर कार्यक्रमाला गुडघ्यावर बसून स्टँड वरखाली करतो आणि विचारतो, "ताई, मान अवघडत नाही ना?" मान अवघडते अशी तक्रार माझ्याकडे आजवर आलेली नाही. ताई म्हणतो म्हणून गप्प बसलो, नाहीतर तिथेच दोन शब्द सुनावले असते.

२. गायकाच्या पायाशी त्याच्याकडे तोंड करून जो लहान स्पीकर असतो, त्यात त्याला स्वतःचा आवाज ऐकू येतो. तो कमी पडला की सदर गायिका माझ्याकडे बघून एक बोट वर करीत आणि मी आवाज वाढवीत असे. गाणे सुरू झाले की अधूनमधून ही नजर यायचीच. मागच्या कार्यक्रमात ते बोट आता कोणासाठी वर होते हे पाहायला मी दाराजवळच्या स्विचबोर्डाशी डोळ्यांत तेल घालून उभा होतो. साहेब, बोट वर झालेच नाही! शेवटपर्यंत डोळे मिटून गायली. आणि तो हाताची घडी घालून भिंतीला टेकलेला, जसे काही त्याला कामच नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच्याकडे बघितले असते तर निदान भांडता तरी आले असते. तिने कोणाकडेच बघितले नाही.

३. मुख्य मुद्दा चाचणीचा. माझ्या वेळी माइकची चाचणी मी स्वतः "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन" म्हणून करीत असे. गायिका आत चहा घेत असत, त्यांना तसदी नको. या गृहस्थाचे म्हणणे, ज्याचा आवाज त्यानेच बोलले पाहिजे, आणि आकडे म्हणताना माणूस नेहमीसारखा बोलत नाही. म्हणून हा रिकाम्या सभागृहात मिक्सरमागे बसतो आणि म्हणतो, "ताई, आज सकाळपासून काय काय केलंत ते सांगा." आणि ती सांगते! मागच्या कार्यक्रमाच्या चाचणीला मी शिडीवर बल्ब बदलत होतो. दोन्ही मोठ्या स्पीकरांतून मला कळले की तिचा डावा गुडघा दुखतो आहे. पहाटे स्वयंपाकघराचे दार लावून, नळ सोडून ती रियाज करते, घरात कोणाची झोपमोड नको म्हणून, हेही कळले. घरात माझ्याशिवाय कोणी नाही. सांगताना ती हसली. तो मधूनमधून "हं, मग?" एवढेच म्हणत होता. "हं, मग?" म्हणायला काय अक्कल लागते? मलाही येते.

४. त्याच रात्री मी घरी विचारून पाहिले, "आज सकाळपासून काय काय केलंस, सांग." तिने माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "अहो, बरं वाटत नाही का तुम्हाला?" मी "हं, मग?" म्हटले. "मग काय, दूध तापवायचंय," म्हणून आत गेली. त्यानंतर मी विषय काढला नाही.

५. नव्या व्यवस्थेत आवाज चांगला लागतो असे लोक म्हणतात. तसे लेखी देण्यास मी तयार नाही. मात्र जळफळाट होतो म्हणून हा अर्ज केला, असे आपण जिन्यात म्हणालात, ते खोटे आहे असेही लेखी देता येत नाही.

विषयात मागितलेले मिळणार नाही, हे आपल्या हसण्यावरूनच समजलो. तेव्हा निदान रविवारी चाचणीपुरते मला मिक्सरमागे बसू द्यावे. कुठल्याही बटणाला हात लावणार नाही. दिवे माझ्याच ताब्यात आहेत. सभागृहातले सगळे बंद ठेवीन, म्हणजे रंगमंचावरून तिला कोण बसले आहे ते दिसणार नाही. पहिला प्रश्न त्यानेच विचारावा. पुढे "हं, मग?" एवढेच मी म्हणेन, आणि तेही त्याच्यासारखा आवाज काढून. पंखेही बंद ठेवीन, म्हणजे ती बोलेल ते सगळे नीट ऐकू येईल.

चाचणी लवकर आटपू नये, ही विनंती.

आपला नम्र,
(सही)
जुना साउंडवाला, तूर्त पंखे व दिवे

दिनांक : कार्यक्रमाआधीचा मंगळवार

सोबत : सदर गायिकेच्या माइकची उंची दाखविणारी चिकटपट्टी, कचऱ्यातून काढून पुसलेली. पाहून झाल्यावर परत मिळावी.