मुळीचे केस

३ नोव्हेंबर, पलूस
पोचले एकदाची! लालासाहेब काकांच्या पणजोबांनी काढलेला कारखाना. शेळ्यांचे केस धुवायचे, विंचरायचे, लांबीप्रमाणे जुड्या बांधायच्या. पुढे ते रंगाच्या ब्रशात आणि मशीनला लागणाऱ्या फेल्टच्या जाड कापडात जातात. शंभर वर्षं सेम टू सेम! कुणी डोकंच चालवलेलं नाही. काका म्हणाले, शिवांजली, वीस तारखेच्या आत ऐंशी पोत्यांची ऑर्डर काढून दाखव, कारखाना तुझ्या हातात. दिला म्हणूनच समजा, काका. एमबीए काय उगाच केलं?

५ नोव्हेंबर
इथलं क्वालिटी कंट्रोल म्हणजे शालूबाई. प्रत्येक पोत्यातून मूठभर केस काढते आणि एकेक बोटांत फिरवते. कातरलेल्या केसाचं टोक साफ असतं. मेलेल्या जनावराचा उपटलेला केस मुळीसकट येतो. मुळी लागली की अख्खं पोतं बाजूला. वडूजकडून माल आणणारा धुळा धनगर ते परत नेतो आणि कोरड्या माळावर खोल पुरतो. पुरतो! का, विचारलं तर शालूबाई म्हणे, आवं ताईसाहेब, मुळी हाय म्हंजे पाणी लागलं की रुजनार की. धुळाने लगेच मान डोलावली. दोघांत मिळून एक मेंदू, तोही भाड्याचा.

८ नोव्हेंबर
बाजूला काढलेली बारा पोती आहेत. ती धरली की बरोबर ऐंशी होतात! शालूबाई हात लावेना, म्हणून मीच फोडली आणि हौदात टाकली. ग्लोव्ह्जना घाण वास येत होता, काढून फेकले. कोपरापर्यंत हात घालून केस धुतले. शालूबाई बायकांना म्हणाली, शिकलेल्यांच्या हाताला लय वळवळ. सगळ्या फिदीफिदी हसल्या. हसा. महिन्याभरात तुमच्या जागी मशीन असेल.

११ नोव्हेंबर
उजव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यात फोड आला. मिरजेच्या डॉक्टरने सांगितलं, केसांचं काम करणाऱ्यांना होतं, बाहेरचा केस कातडीत घुसतो. तीन उपटून काढले. पांढरे, राठ. सायन्स! शालूबाईला मुद्दाम सांगितलं. तिने एवढंच विचारलं, कापलं का उपटलं? उपटले म्हटल्यावर डबा उचलून घरी गेली. ड्रामा क्वीन.

१४ नोव्हेंबर
तीनच्या जागी तीसेक. सकाळी शेव्ह केले, दुपारी पुन्हा बोटभर. माझे केस काळे आहेत. काका म्हणतात अ‍ॅलर्जी.
धुळा आला होता. म्हणाला, कापत ऱ्हावा, पर उपटू नगा, उपटलं की आत जोर धरतंय. अडाणी माणूस. तरी विचारलं, किती दिवस कापायचं? म्हणाला ठावं न्हाई, इतकं येडं आजवर कुनी निघालंच न्हाई.

१६ नोव्हेंबर
कोपरापर्यंत. तासातासाला कापतेय. अंघोळ करूनही शेळीचा वास.
ऐंशी पोत्यांचा ट्रक गेला. काकांनी फोनवर अभिनंदन केलं, कागदांवर सही करायला ये म्हणाले. कारखाना माझा. पेन धरता येत नाही. बोटं चिकटल्यासारखी, दोन-दोन, खुरा—

१७ नोव्हेंबर, सकाळ
डाव्या हाताने लिहितेय. मिरजेला अर्जंट नंबर लावलाय, उद्याचा.
तळहातात मधोमध एक केस आहे, बाकीच्यांपेक्षा जाड. तो हलला की सगळे हलतात. म्हणजे मूळ तोच. कापून काय होणार? मूळच काढायला हवं. साधं लॉजिक.

दुपार
चिमट्याने धरला. दुखत नाही. वीतभर आला. हातभर आला. मुळी नाही. अजून येतोय—
शालूबाईला फोन लावला. ऐकून घेतलं आणि ओरडली, सोडा म्हणाली, आधी सोडा—
सोडला.
तो परत आत चाललाय. पेन्सिलीला गुंडाळून धरला. पेन्सिल मोडली.
हिसका नाही. सावकाश. कुणीतरी पलीकडून हळूहळू ओढत असल्यासारखं—
हात तळव्याच्या मधोमध आत वळतोय. बोटं दिसत नाहीत. मनगट