यांची दाढी आणि एक ब्लेड

मोहाडी, मार्च १९८३, बुधवार संध्याकाळ

डोकं चालेना, म्हणून लिहायला बसले. आज दवाखान्यात सिस्टर सगळ्या बायांसमोर म्हणाली, "नववा लागला ना? खालचे केस काढून येजो. कळा लागल्यावर टाईम नसते आम्हाले." मी मान डोलावली. काढायचे कसे, हे विचारायला तोंडच उघडलं नाही. पोटापलीकडे मला माझे पायसुद्धा दिसत नाहीत. कापलं तर? चिघळलं तर? बाळाला काही...

सासूबाईंना चाचरत विचारलं, तर त्यांनी कानांवर हात ठेवले. "दोन जीवाच्या बाईच्या अंगाले लोखंड लावत नाही, बाई!" बायको गरोदर असताना नवऱ्यानेही दाढी करायची नाही, या रिवाजापायी यांची दाढीही छातीपर्यंत आली आहे. नागपूरची चुलत बहीण सांगत होती, तिकडे गरम मेण लावून उपटतात. ऐकूनच अंगावर काटा आला. कुणाचं ऐकू?

यांच्या दाढीच्या डब्यातलं ब्लेड दोनदा हातात घेतलं आणि ठेवून दिलं. गंजलं आहे.

शेवटी यांनाच सांगितलं. म्हणाले, "उद्या सिस्टरले एकटीले गाठून विचार. ते म्हणन तसंच करू. मी आजच दाढी काढतो. आई बोंबलली, तर पहिले माझ्यावर बोंबलन."

आता मोरीतून खरवडल्याचा आवाज येतो आहे. हसू की रडू, कळत नाही. घरात ब्लेड तर ते एकच आहे.