खुर्चीच्या बुडाखालचं नाव

अलाबामा, ४ मार्च २०२४

ती. किसनमामा,
सविनय जयभीम. बदलापूरला हेंद्रेपाड्यात ऊन तापलं असेल, फिरायला उशिरा निघू नका.

इथे मी काळ्या मुलांच्या एका जुन्या उद्योगशाळेचा इतिहास लिहितेय. गोऱ्यांच्या मुलांना बीजगणित, यांच्या वाट्याला सुतारकाम आणि धुणं. वर दारात देणगीदार साहेबाचा पुतळा! मुलं आपण केलेल्या खुर्चीच्या बुडाला नाव कोरत. १९२६ साली साहेब पाहणीला येणार म्हणून सगळी नावं रंध्याने तासून काढली. तासणारा त्यांचाच काळा मास्तर, हुजऱ्या कुठला. माजी विद्यार्थ्यांची समिती म्हणते, आपल्याच माणसाची अब्रू कशाला काढायची, ते पान गाळ. तुम्ही अंबरनाथच्या आयटीआयमध्ये तीस वर्षं फिटर घडवलेत. सांगा, गाळू?

मामींना जयभीम.
तुमची भांडकुदळ भाची,
तेजस्वी

बदलापूर, २८ मार्च

चि. तेजस्वीस,
जयभीम आणि मंगल कामना.

पुतळ्याचं वाचून हसलो. एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्याने फोटो काढून घ्यायचा, ही मंडळी सगळीकडे सारखीच. पण मास्तराचं पान गाळ. नोकरी टिकवताना काय काय करावं लागतं ते तुम्हा शिकलेल्या पोरींना काय कळणार. मामी विचारते, तिकडे तांदूळ बरा मिळतो का.

राग आला तरी माया कमी करू नकोस.
तुझा मामा

अलाबामा, २० एप्रिल

ती. मामा,
स. जयभीम.

पत्र वाचून मला तुमची लाज वाटली. कुणापुढे वाकू नको, हे मला शिकवणारे तुम्हीच ना? आणि आता हुजऱ्याची वकिली करता? पुस्तक जूनमध्ये छापायला जाईल. तोवर खरं कारण कळवा. माया आहेच, पण सारवासारव नको.

तेजस्वी

बदलापूर, १२ मे

चि. तेजस्वीस,
जयभीम.

कारण लिहितो. १९९४ साली आमच्या संस्थेत बडे पाहुणे येणार होते. पोरं आपापल्या जॉबवर, म्हणजे सरावात घडवलेल्या लोखंडी तुकड्यावर, रोल नंबर ठोकत. चामटोलीकडच्या पदूने नंबराऐवजी पूर्ण नाव ठोकलं. त्याच्या पाड्यावरून शिकायला आलेला तो पहिलाच. प्राचार्य म्हणाले, बरं दिसत नाही. मी त्याच्या देखत कानस मारून नाव घालवलं. दुसऱ्या दिवसापासून पदू आला नाही, आणि मी हजेरीपटात त्याला कामचुकार लिहिलं.

परवा त्याला शोधत गेलो. गेट, ग्रिल बनवतो. प्रत्येक गेटवर स्वतःचं नाव, वीतभर अक्षरांत. त्याने मला खुर्ची दिली, चहा दिला, सर म्हणाला. मग एक कानस आणून माझ्या हातात ठेवली आणि गेटकडे बोट दाखवलं.

"सर, ह्या पन घासाचा हाय का?"

चहा तसाच ठेवून मी उठलो. पान छाप. हुजऱ्या हा शब्दही राहू दे.

तुझा मामा, अजून म्हणत असलीस तर,
किसन