हजेरीचा ठिपका

१२ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हे पत्र ड्रायव्हरच्या हाती तुझ्या हॉटेलवर पाठवते आहे. प्रदर्शन जोरात चाललं असेल. इकडे प्रयोगशाळेतला फ्रीझर दुरुस्त झाला. वहिनी बरी आहे. भिंगरी शाळेत जात नाहीये, त्याबद्दल पुढे लिहिते.

आधी भांडण. पाणी तपासायच्या आपल्या कागदी टिकलीवर मी दोन ठिपके ठेवले होते. उजवा, पाण्यात शिसं असेल तरच हिरवा होणारा. डावा, कुठलंही पाणी पडलं की हिरवा व्हायलाच हवा, टिकलीतला रस शाबूत आहे एवढं सांगायला. त्याला आम्ही प्रयोगशाळेत हजेरी म्हणायचो. "शाळा काढलीयेस का?" म्हणून तू हसलास आणि मला न विचारता तो ठिपकाच उडवलास. का, तर हिरवं दिसलं की गिऱ्हाईक बिचकतं!

"यात जिवंत पेशी नाही, नुसता पेशींतून काढलेला रस आणि आपण रचलेला डीएनए. पोसायला नको, जपायला नको," असं तू भाषणात ठोकून देतोस. जपायला नको हे तुला कोणी सांगितलं? उकाड्यात तो रस नासतो. नासलेली टिकली शिशाच्या पाण्यातही गप्प बसते. आणि तू खोक्यावर छापलंस, ठिपका नाही म्हणजे पाणी शुद्ध. डोकं गहाण ठेवलं होतंस का?

गाडीच्या डिकीत तापलेल्या खोक्यातली टिकली तू घरच्या नळाखाली धरलीस. काही उमटलं नाही. लगेच फिल्टर काढून माळ्यावर टाकलास.

भिंगरीचं पोट दुखतं. दिवसभर कोपऱ्यात बसून असते, हाक मारली तरी उठत नाही. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. रक्तात शिसं आहे दादा, बरंच आहे. मी तुमच्या नळाचं पाणी माझ्या जुन्या टिकलीवर टाकलं. दोन्ही ठिपके हिरवे झाले. मला रडू आलं नाही, तुझा गळा धरावासा वाटला.

काहीतरी निमित्त काढून फिल्टर मी परत बसवला. वहिनी मात्र शिसं खेळण्यांतून आलं असं समजून त्यांचा रंग नखाने खरवडत बसली आहे. "पाण्याचा प्रश्नच नाही, ह्यांनी स्वतः तपासलंय," म्हणते. आज रात्रीपर्यंत तिला खरं सांग, नाहीतर उद्या मी सांगेन. आणि विकलेला सगळा माल परत मागव. त्या घरांतही लेकरं आहेत. टाळाटाळ केलीस तर मी वर्तमानपत्राकडे जाईन, भाऊबिऊ बघणार नाही.

एरवी खाली 'तुझी लाडकी' लिहिते. आज हात वळत नाही.

भिंगरीची आत्या